मुलीच्या चेहऱ्यावरचे मुरूम: घरी काय करावं, काय मुळीच करू नये?

अबोली:
नमस्कार मंडळी. माझी मुलगी यंदा दहावीत आहे. दिवाळीच्या सुमारास तिच्या कपाळावर बारीक पुटकुळ्या यायला लागल्या. आता गालांवर आणि हनुवटीवर मोठे मुरूम आहेत. काही पिकतात, काही नुसतेच लाल होऊन ठणकत राहतात. मुरूम बसला की त्या जागी तपकिरी डाग राहतो, आणि तो मुरुमापेक्षा जास्त मुक्काम ठोकतो. स्नेहसंमेलनातल्या नाचात तिनं हौसेनं नाव दिलं होतं, ते परवा स्वतःच जाऊन काढून घेतलं. कारण विचारलं तर म्हणाली, अभ्यास आहे. मला कारण माहीत आहे, पण तिच्यासमोर ते बोलून दाखवावंसं वाटलं नाही.

घरात सल्ल्यांना तोटा नाही. सासूबाई म्हणतात जायफळ दुधात उगाळून लाव. नणंद म्हणते रात्री टूथपेस्ट लाव. शेजारच्या काकूंचा लिंबू आणि मधावर भर आहे. भाचीनं तर मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली आहे. तिच्या मैत्रिणीचा चेहरा म्हणे चार दिवसांत काचेसारखा झाला. ती ट्यूब कपाटात ठेवली आहे, अजून उघडलेली नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. घरी सुरक्षितपणे काय करता येईल? डॉक्टरकडे कधी जावं? आणि हे डाग जातात का?

काजवा:
ताई, ट्यूब उघडू नका. तिच्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी इथे टाका.

पणती:
अबोली, लेकीला जवळ घेऊन सांग की हे वयच असं असतं. माझ्या तिन्ही मुलांना या वयात मुरूम आले होते आणि तिघांचेही चेहरे आज स्वच्छ आहेत. आमच्याकडे जायफळच लावायचो. डाळीचं पीठ आणि साय लावून आंघोळ. बाजारातलं काहीही आणलं नाही.

रानवारा:
पणती आजी, वय सरतं हे खरं. पण सगळ्यांचे चेहरे स्वच्छ होत नाहीत. मी एकवीस वर्षांचा आहे, दोन्ही गालांवर खड्डे आहेत. घरी सगळे "वय आहे, जाईल" म्हणत राहिले आणि मुरूम गेले तेव्हा खड्डे मागे ठेवून गेले. आता त्यावर जो खर्च चालू आहे त्याच्या मानानं मुरुमांचा इलाज फार स्वस्तात झाला असता. अबोलीताई, "ठणकतात" असं तुम्ही लिहिलंय ना, तेच वाचून मी लॉगिन केलं. ठणकणाऱ्या मुरुमांना वाट बघायला लावू नका.

श्रावणसरी:
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते. चेहरा न बघता निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण हा प्रकार मुळात काय आहे ते समजलं तर बरंच नुकसान टळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्वचेत केसाच्या मुळाशी तेल बनवणाऱ्या ग्रंथी असतात. वयात येताना अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी समजले जाणारे हार्मोन वाढतात, मुलींमध्येसुद्धा, आणि या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी केसाच्या नळीच्या आतल्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि नळीच्या तोंडाशी बूच बसतं. बूच त्वचेखाली झाकलेलं राहिलं तर पांढरट दाणा दिसतो. तोंड उघडं राहिलं तर टोक काळं दिसतं. तो काळा रंग मळाचा नसतो, त्यामुळे कितीही घासलं तरी निघत नाही, उलट कातडी सोलवटते. आत तुंबलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू पोसतात, आजूबाजूला सूज येते आणि लाल किंवा पिकलेला मुरूम दिसतो. म्हणजे यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही. "तोंड नीट धूत नाहीस" हे वाक्य घरात कोणी मुलीला ऐकवत असेल तर ते आधी बंद करा.

बूच बसायला लागल्यापासून मुरूम वर दिसेपर्यंत कित्येक आठवडे गेलेले असतात. म्हणूनच कुठल्याही खऱ्या औषधाचा फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. चार दिवसांत चेहरा काचेसारखा करणारी ट्यूब म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, तो यासाठी. काजवा यांनी सांगितलं ते कराच, त्यावरचं सगळं वाचून इथे लिहा.

घरी काय करायचं ते सांगते. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशनं चेहरा धुवा. त्याहून जास्त नको. टॉवेलनं घासू नका, टिपा. औषधात सुरुवात बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के या जेलनं करता येते. हेच ५ आणि १० टक्क्यांतही मिळतं, पण जास्त टक्के म्हणजे जास्त गुण असं इथे होत नाही. आग आणि कोरडेपणा मात्र नक्की वाढतो. रात्री चेहरा धुवून पूर्ण कोरडा झाल्यावर वाटाण्याएवढं जेल बोटावर घ्या, कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके द्या आणि पातळ पसरा. फक्त मुरुमावर टिकली लावल्यासारखं लावू नका, कारण पुढचा मुरूम शेजारच्या स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेत आधीच तयार होत असतो. डोळे, ओठ आणि नाकपुड्यांचे कोपरे सोडा. सुरुवातीला एक दिवसाआड लावा. त्वचा कोरडी पडली तर वरून मॉइश्चरायझर लावा, त्यावर नॉन-कोमेडोजेनिक, म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं बघा. सकाळी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन. बस. चेहऱ्यावर एका वेळी यापेक्षा जास्त वस्तू नकोत.

ठणकणाऱ्या खोल गाठी असतील, खड्डे पडायला लागले असतील, छाती-पाठीवरही पसरलं असेल, तीन महिने नीट उपचार करूनही फरक नसेल, किंवा मूल लोकांत मिसळायचं टाळत असेल, तर घरचं थांबवून तज्ज्ञाकडे जा. शेवटचं कारणही तितकंच वैद्यकीय आहे. तुमच्या वर्णनात मला यातल्या दोन गोष्टी दिसतात.

सातासमुद्रापार:
डॉक्टरांच्या पोस्टला पुरवणी. बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग खातं. आमच्या घरी मुलाच्या निळ्या टॉवेलवर आणि उशीच्या अभ्र्यावर पिवळट-केशरी चट्टे पडले, ते धुऊन जात नाहीत. पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा वेगळा काढून ठेवा. शाळेच्या युनिफॉर्मची कॉलरही सांभाळा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे अ‍ॅडॅपलिन नावाचं मुरुमांवरचं ०.१ टक्का जेल २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, बारा वर्षांवरील मुलांसाठी. तेही कूर्मगतीनं काम करतं. पहिले काही आठवडे मुरूम वाढल्यासारखे वाटले आणि मुलगा रडकुंडीला आला होता. भारतात त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी.

मोरपीस:
माझं कोल्हापूरला पार्लर आहे, सोळा वर्षं झाली. डॉक्टरांबद्दल आदर आहे, पण चेहरा बिघडला की लोक सगळं खापर पार्लरवर फोडतात, तसं इथे होऊ नये. वाफ देऊन काळी टोकं काढली की चेहरा मोकळा होतो, मुली खूश होऊन जातात. मध, कोरफड यानं कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलेलं नाही.

श्रावणसरी:
मोरपीस ताई, खापर कुणावरच फोडत नाहीये. काळी टोकं निर्जंतुक साधनानं, हलक्या हातानं काढायला हरकत नसते, आम्हीही काढतो. पण लाल, सुजलेल्या मुरुमांवर वाफ, मसाज आणि स्क्रब करू नका एवढंच सांगेन. सुजलेला मुरूम दाबला की वरून थोडा पू येतो, पण आत नळीची भिंत फुटते आणि सगळा ऐवज खोल पसरतो. खड्डे आणि गाठी तिथूनच तयार होतात. तुमच्याकडे येणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर असे मुरूम दिसले तर "आज फेशियल नको, आधी दाखवून ये" असं तुम्ही म्हणालात तर ती तुमचं ऐकेल. आमच्यापर्यंत ती पोचतच नाही.

मोरपीस:
हे पटलं. तसं मी सांगेन.

पुनर्वसू:
मी वैद्य आहे, सावंतवाडीचा. सुश्रुतसंहितेत याचं वर्णन मुखदूषिका या नावानं क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ रोगांत, आलेलं आहे. तरुणांच्या तोंडावर काटेसावरीच्या काट्यांसारख्या पिडका येतात, कफ, वात आणि रक्त यांच्या दुष्टीनं. खोडावर रुंद बुडाचे आणि वर टोकदार असे ते काटे ज्यांनी पाहिलेत त्यांना उपमा किती नेमकी आहे ते कळेल.

लेपांबद्दल दोन नियम मात्र लोक हमखास विसरतात. लेप चेहऱ्यावर वाळून तडकेपर्यंत ठेवायचा नसतो, ओलसर असतानाच धुवायचा असतो. आणि रात्री लेप लावून झोपायचं नसतं. मुलतानी माती लावून तास तास बसणाऱ्या मुली बघतो तेव्हा वाईट वाटतं. त्वचा ताणली जाणं म्हणजे गुण येणं नव्हे. जायफळाबद्दल सांगायचं तर ज्या सहाणेवर ते उगाळतो ती धुतलेली आहे का, दूध नासकं नाही ना, हे कोण बघतं? आणि नाजूक त्वचेला जायफळ चांगलंच झोंबतं. लिंबू तर मी कुणालाच चेहऱ्यावर लावायला सांगत नाही.

काजवा:
लिंबाचं काय, जरा सांगाल का? आमच्याकडे घरोघरी लिंबूच चोळतात.

श्रावणसरी:
पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो आणि त्वचेचा साधारण ५. म्हणजे त्वचेच्या मानानं लिंबू फारच आम्ल आहे. त्यातही लिंबाच्या रसात, विशेषतः सालीत, असे घटक असतात की रस लागलेल्या जागी ऊन पडलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे गडद डाग राहतो. डाग घालवायला लिंबू आणि त्यानेच नवा डाग. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाचा, अल्कधर्मी. टूथपेस्ट दातांच्या कठीण कवचासाठी बनवलेली असते. गालावर ती लावून सकाळी चामडी सोललेल्या मुली माझ्याकडे येतात.

कोरफड लावायला हरकत नाही, पण पानातून निघणारा पिवळा चीक पूर्ण निथळू द्यायचा आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघायचं. त्यानं मुरूम बरा होईल ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

पणती:
श्रावणसरी, आमच्या वेळी एवढं कुणी समजावून सांगितलं नाही गं बाई. साय लावलेली चालते का मग?

श्रावणसरी:
आजी, तुमच्या वयाला कोरड्या त्वचेवर साय लावा, खुशाल लावा. मुरूम असलेल्या तेलकट चेहऱ्यावर नको.

डंबेल:
माझा प्रश्न थोडा वेगळा. जिम सुरू केल्यापासून पाठ आणि खांदे मुरुमांनी भरलेत. ट्रेनर म्हणतो घामानं होतं. घरी आई म्हणते वडापाव बंद कर. नक्की कोण बरोबर?

श्रावणसरी:
व्हे प्रोटीन, म्हणजे दुधापासून बनवलेली प्रोटीन पावडर, घेता का? व्हे आणि मुरूम यांचा संबंध अनेकांत दिसतो. महिना-दोन महिने बंद करून बघा. आणि ट्रेनरनं दिलेली कुठली इंजेक्शनं किंवा बिनलेबलच्या गोळ्या चालू असतील तर आजच थांबवून डॉक्टरांना खरं सांगा. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडनं फार वाईट मुरूम येतात आणि नुकसान त्वचेपुरतंच राहत नाही.

आईंना सांगा, तेलकट खाल्लं म्हणून तेच तेल चेहऱ्यावर येतं असं होत नाही. ज्याचा पुरावा जास्त आहे ते म्हणजे रक्तातली साखर झपकन वाढवणारं खाणं: कोल्ड्रिंक, मैदा, बिस्किटं, गोड. काहींना दुधानंही वाढतात. वडापावातला पाव कमी केला तर आईंचंही ऐकल्यासारखं होईल.

अजून एक. पाठीवरचे फोड सगळे एकसारखे, बारीक आणि खाजरे असतील तर ते मुरूम नसून बुरशीचा प्रकार असू शकतो. त्यावर मुरुमाचं अँटिबायोटिक दिलं तर तो वाढतो. घाम आल्यावर टी-शर्ट लगेच बदला आणि एकदा दाखवून घ्या.

डंबेल:
इंजेक्शनं नाहीत, व्हे आहे. खाज पण आहे. उद्याच अपॉइंटमेंट घेतो. धन्यवाद मॅडम.

कृष्णाकाठ:
विषय थोडा बाजूचा आहे, पण चेहऱ्यावरच्या डागांचाच आहे म्हणून विचारते. माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या गालांवर पांढुरके, किंचित खवलेदार चट्टे आहेत. सगळे म्हणतात जंत झालेत. दोनदा जंताचं औषध देऊन झालं, फरक नाही.

श्रावणसरी:
तुमच्या वर्णनावरून पिटिरियासिस अल्बासारखं वाटतं. लहान मुलांमध्ये फार सर्रास दिसतं, मुळाशी कोरडी त्वचा असते. जंतांशी आणि कॅल्शियमशी त्याचा संबंध नाही. मॉइश्चरायझर लावत राहा, उन्हापासून सांभाळा, हळूहळू रंग भरतो. मात्र एकदा बालरोगतज्ज्ञांना किंवा त्वचारोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा. फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, म्हणजे तो बधिर असेल, तर अजिबात वेळ घालवू नका. कुष्ठरोगाची सुरुवात अशी होऊ शकते. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध मोफत मिळतं आणि लवकर सुरू केलं तर आजार पूर्ण बरा होतो. हे सगळ्यांसाठीच लिहून ठेवते.

कृष्णाकाठ:
स्पर्श नीट कळतो, पापा घेतला तर लगेच गाल पुसतो. मनावरचं ओझं उतरलं. दाखवून घेते.

गारवा:
अबोलीताई, मुलीची पाळी नियमित आहे का? माझ्या बहिणीला जबड्याच्या कडेनं आणि हनुवटीवर हट्टी मुरूम होते, हनुवटीवर राठ केसही यायला लागले. क्रीम बदलून बदलून कंटाळली. शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी आणि हार्मोनच्या तपासण्या केल्या, पीसीओएस, म्हणजे बीजांडकोश आणि हार्मोनचा बिघाड, निघाला. उपचार सुरू झाल्यावर चेहरा सुधारला. सगळ्यांनाच असतं असं नाही, पण लक्षात असावं.

श्रावणसरी:
चांगला मुद्दा. भर घालते: पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षं होईपर्यंत ती मागेपुढे होणं स्वाभाविक असतं. दहावीतल्या मुलीला लगेच तो शिक्का मारू नये. पण मुरूम, राठ केस आणि महिनोन् महिने न येणारी पाळी हे तिन्ही एकत्र असेल तर तपासणी हवी.

रानवारा:
हात सारखा चेहऱ्याकडे जातो त्यावर मला जे उपयोगी पडलं ते सांगतो. हायड्रोकोलॉइडचे छोटे गोल पॅच मिळतात. पिकलेल्या, तोंड आलेल्या मुरुमावर रात्री लावायचा. तो स्राव शोषतो, सकाळी पॅच पांढरा झालेला दिसतो. मुख्य म्हणजे नख तिथे पोचत नाही. आरशासमोरचा पिवळा दिवा काढून टाकला आणि अभ्यासाची खुर्ची आरशापासून दूर नेली, त्याचाही फरक पडला.

काजवा:
कपाळावरच्या बारीक पुटकुळ्या केसांच्या रेषेलगत जास्त आहेत का? आमच्या भाचीला रोज चपचपीत खोबरेल लावून वेण्या घालायचे. तेल कपाळावर उतरायचं. केस धुण्याआधी तासभरच तेल लावून मग केस धुवायला सुरुवात केली, कपाळ साफ झालं.

अबोली:
सगळ्यांचे खूप आभार. एवढ्या मनापासून लिहाल असं वाटलं नव्हतं. हो, केसांच्या रेषेलगतच आहेत आणि तेलही भरपूर लावतो. पाळी नियमित आहे.

ट्यूब काढून बघितली. पुढे मोठ्या अक्षरात नुसतं नाव आणि एक गोरा चेहरा. घटक इतके बारीक की मोबाइलवर फोटो काढून मोठा केला तेव्हा वाचता आले. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. ट्यूबवर कोपऱ्यात आरएक्स असंही छापलंय. हे काय आहे?

खलबत्ता:
ताई, मी फार्मासिस्ट आहे, माझं स्वतःचं मेडिकल आहे. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. आरएक्स म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही ट्यूब कुणी विकायचीच नाही. त्वचेवर लावायची स्टेरॉइडं २०१८ साली केंद्र सरकारनं शेड्यूल एच, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, आणली, तेव्हापासून कायदा स्पष्ट आहे. तरीही कुठे ना कुठे काउंटरवरून अशी ट्यूब सहज दिली जाते. आमच्याच धंद्यातली माणसं हे करतात याचा मला संताप येतो. गिऱ्हाईक "गोरं करणारी द्या" म्हणतं आणि पुढचा माणूस हात लांब करून फळीवरून काढून देतो.

घरातल्या कुठल्याही क्रीमवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेटासोन यातलं नाव दिसलं तर ते चेहऱ्यावर स्वतःच्या मनानं लावायचं नाही. नायट्याच्या, खाजेच्या मिश्र मलमांतही ही नावं लपलेली असतात. एक मलम घरभर सगळ्यांना चालतं, असं समजू नका.

श्रावणसरी:
खलबत्ता, तुम्ही हे लिहिलंत त्याचा फार आनंद झाला.

अबोली ताई, ही तिहेरी ट्यूब वांगासाठी, तीही आमच्या देखरेखीखाली मोजक्या आठवड्यांसाठी असते. मुरुमांवर स्टेरॉइड लावलं की सूज दबते, लाली जाते, रंग उजळतो, म्हणून चार दिवसांत जादू वाटते. पुढे त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते आणि एकसारख्या पुटकुळ्या भरभरून येतात. थांबवलं की चेहरा लालभडक होऊन आग होते, म्हणून मुलगी पुन्हा तीच ट्यूब लावते. या चक्रात दोन-दोन वर्षं अडकलेल्या कॉलेजच्या मुली माझ्याकडे येतात. बाहेर काढायला महिने लागतात आणि त्या काळात चेहरा आणखी वाईट दिसतो. तेव्हा त्यांना धीर देणं हेच मोठं काम असतं. भाचीच्या मैत्रिणीला कृपा करून निरोप द्या: जास्त दिवस लावत असेल तर एकदम तोडू नको, त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन त्यांच्या सल्ल्यानं थांबव.

चांदणी:
पण डॉक्टर, माझ्या बहिणीच्या लग्नाआधी तिच्या गालावर मोठी गाठ आली तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनीच त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं. दोन दिवसांत बसली. मग ते चालतं आणि क्रीम चालत नाही, असं कसं?

श्रावणसरी:
रास्त प्रश्न. एका गाठीत, अगदी सौम्य करून, एकदा टोचलेलं औषध आणि सगळ्या चेहऱ्याला रोज महिनोन् महिने चोपडलेलं औषध यांत फरक आहे. किती, कुठे, किती दिवस, हेच स्टेरॉइडच्या बाबतीत सगळं काही आहे. इंजेक्शनचं प्रमाण जास्त झालं तर तिथेही खळगा पडतो, म्हणून ते तज्ज्ञानंच द्यायचं.

काजवा:
बिनलेबलच्या डब्यांबद्दलही लिहायला हवं. "हर्बल", "परदेशी" म्हणून विकली जाणारी गोरेपणाची क्रीमं. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशी क्रीमं वापरणाऱ्यांना मूत्रपिंडाचा आजार झाल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या होत्या, संशय पाऱ्यावर होता. घटकांची यादी नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, तर ते चेहऱ्याला काय, हातालाही लावू नये.

पुनर्वसू:
शंभर टक्के सहमत. "आयुर्वेदिक" हा शब्द छापला की तपासायची गरज संपली, असं अजिबात नाही.

अबोली:
ट्यूब भाचीला दाखवून, कशासाठी टाकतेय ते सांगून टाकून दिली. मैत्रिणीपर्यंत निरोप पोचलाय. ती आईला घेऊन जाणार आहे म्हणाली.

आम्हीही त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन आलो. त्यांनी रात्री अ‍ॅडॅपलिन, सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड आणि काही आठवड्यांपुरत्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्यात. गोळ्या मनानं वाढवायच्या नाहीत असं बजावलंय. लेकीशी त्या थेट बोलल्या, माझ्याशी नाही. तुझी चूक नाही, हे त्यांनी तिला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. आता डागांचं विचारते. ते जातील ना?

श्रावणसरी:
आधी डाग आणि खड्डा वेगळा ओळखा. खिडकीशी उभं करून उजेड बाजूनं पडू द्या. सावली पडली तर खड्डा, नुसता रंगाचा फरक दिसला तर डाग. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत सूज आली की रंगद्रव्य जास्त तयार होतं, त्यामुळे तपकिरी डाग आपल्याकडे जास्त दिसतात. ते आपोआप फिके होतात, पण महिने लागतात, कधी वर्षही. उन्हानं ते गडद होतात म्हणून सनस्क्रीन सोडू नका. सायकलवरून क्लासला जात असेल तर दुपारी पुन्हा लावा. अ‍ॅडॅपलिननं डागांनाही मदत होते. गरज लागली तर तुमच्या डॉक्टर पुढे अझेलॅइक अ‍ॅसिड देतील. खड्डे मात्र क्रीमनं भरत नाहीत, त्यासाठी मायक्रोनीडलिंग (त्वचेवर बारीक सुया टोचण्याचा उपचार), लेझर असे उपाय असतात, तेही मुरूम पूर्ण थांबल्यावरच.

रानवारा:
माझं मायक्रोनीडलिंगच चालू आहे. खड्डे उथळ होतायत. ताई, तिला सांगा, मी स्वतः सांगतोय म्हणून, की वेळेत गेलीस ते फार बरं केलंस.

चांदणी:
एक राहिलं. आमच्या कॉलनीतला एक मुलगा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतो, त्याच्या आईला सगळे घाबरवतात. तशी वेळ आली तर?

श्रावणसरी:
खड्डे पाडणाऱ्या मुरुमांवर ते अतिशय परिणामकारक औषध आहे. ओठ हमखास कोरडे पडतात, लिव्हर आणि चरबीच्या रक्ततपासण्या कराव्या लागतात, मनःस्थितीत बदल वाटला तर लगेच कळवायचं. गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर रक्तदान करायचं नाही. मुली-स्त्रियांनी त्या काळात गर्भ राहणार नाही याची पक्की काळजी घ्यावी लागते, कारण बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून कुणाच्या उरलेल्या गोळ्या कुणी घ्यायच्या नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेत असेल तर त्या आईला निर्धास्त राहायला सांगा.

खलबत्ता:
आणि चांदणीताई, त्या गोळ्याही चिठ्ठीशिवाय मागायच्या नाहीत. कुणी दिल्या तर बिल मागा. बिल द्यायला टाळाटाळ केली तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते. ट्यूब, बिल, तारीख यांचे फोटो जोडा.

अबोली:
हे माहीत नव्हतं. भाचीकडे त्या ट्यूबचं बिल आहे का विचारते. नसेल तर निदान दुकानात जाऊन बोलून येते.

सातासमुद्रापार:
अबोलीताई, पांढरे टॉवेल आणलेत ना?

अबोली:
आणलेत, दोन. सासूबाईंनी त्यावर लेकीचं नाव भरून दिलंय.